नात्याचा रकाना

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणाला खरं वाटत नाही, कारण माझा आवाज मुळात मोठा आणि दिवसभर आठ पोरांवर ओरडून तो आणखी मोठा झालाय. पण खिडकीवालं सरकारी पाकीट दिसलं की मी ते आधी पालथं घालून ठेवते. चांगली बातमी कधी अशी खिडकीतून डोकावत येत नाही.

त्या मंगळवारी आलेलं पाकीट माझ्या नावाचं नव्हतं, हर्टिनाच्या नावाचं होतं. हर्टिना माझ्यापासून तिसऱ्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहते, कोंबड्यांच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाते, आणि तिची चार वर्षांची लिजोन माझ्या पाळणाघरात असते. कामावरून सुटून ती घरी गेली, टपालपेटी उघडली आणि पायातले रबरी बूटही न काढता तशीच माझ्या दारात आली.

"बुबू, हे वाच. मला नीट कळत नाहीये. की कळतंय आणि मला कळायला नकोय?"

बुबू म्हणजे आजी. माझं नाव एमलाइन आहे, पण अमेरिकेतल्या आर्कान्साच्या या गावात आमच्या मार्शल बेटांवरची जेवढी माणसं आहेत, त्या सगळ्यांची मी बुबूच. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काढल्यामुळे मला इंग्रजी वाचता येतं, म्हणून सगळ्यांची पाकिटंही माझ्याच गळ्यात.

मी चष्मा लावला. तिसऱ्या ओळीतच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्यात लिहिलं होतं, की तुमच्या मुलीच्या पाळणाघराच्या खर्चाला सरकार जी मदत देतं, ती बंद होऊ शकते. कारण दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी सव्वातीनला मुलीला घेऊन जाणाऱ्या बाईने हजेरीच्या तक्त्यावर, नात्याच्या रकान्यात, 'आई' असं लिहिलेलं आहे. त्याच वेळी आई कामावर असल्याचं कारखान्याने कळवलंय. म्हणजे एक तर कामाचे तास खोटे, नाही तर घरात दुसरी पालक आहे आणि ती लपवलेली आहे. दहा दिवसांत, पुढच्या गुरुवारी कचेरीत येऊन, खुलासा करा. न केल्यास मदत बंद, दिलेली मदत परत, आणि प्रकरण चौकशीला.

"दुसरी आई? मी कुठे लपवली दुसरी आई?" हर्टिना म्हणाली. "किमिको तर सगळ्या जगासमोर पायरीवर बसलेली असते!"

एरवी मी हसले असते. पण मला त्या क्षणी माझाच हात दिसत होता. किमिकोचं बोट धरून, "हे बघ, इथे सही, इथे वेळ, आणि इथे नातं," असं म्हणत त्या रकान्यावर टेकवणारा माझा हात.

किमिकोबद्दल सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते.

किमिको ही हर्टिनाची थोरली बहीण, पंधरा वर्षांनी मोठी. हर्टिनाला जन्म देऊन त्यांची आई गेली, ती तान्ही पोर किमिकोच्या मांडीवर आली आणि तिथेच वाढली. घास चावून मऊ करून किमिकोने तिच्या तोंडात घातलाय. पुढे किमिको आधी इकडे आली. कारखान्यात कोंबड्यांची हाडं काढायच्या लाइनवर सतरा वर्षं चाकू चालवला, त्यातून विमानाचं भाडं जमवून हर्टिनाला बोलावून घेतलं. त्या चाकूने तिची बोटं अशी वळली की प्रार्थनेला हात जोडले तरी मूठ अर्धी मिटलेलीच राहते. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "कोंबड्यांनी वेळच दिला नाही गं." मग आमच्याकडे सगळ्यांना होते ती शुगर तिलाही झाली. आधी शुगरने डोळे घेतले, मग मूत्रपिंडं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, आणि समोरच्या माणसाची फक्त सावली दिसते.

लिजोन झाली तेव्हा तिचा बाप ओक्लाहोमातल्या दुसऱ्या कारखान्यात जातो म्हणून गेला, तो गेलाच. पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला, आमच्यात तो लग्नाहून मोठा, दीडशे पानं उठली. आजारी किमिको तीन दिवस खुर्चीत बसून नारळ किसत होती. सगळ्यांसमोर तिने पोरीला उचललं आणि म्हणाली, "ही माझी मुलगी." कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्या भाषेत मावशीला शब्दच नाही. आईची बहीण ती आईच. माय मरो आणि मावशी जगो असं म्हणायला आधी मावशी वेगळी असावी लागते. आमच्यात ती वेगळी नसतेच.

मग कुणी विचारेल, घरात अशी आई बसलेली असताना पोरीला पाळणाघर कशाला? तेच तर सरकार विचारत होतं.

लिजोन दोन वर्षांची असेपर्यंत किमिकोच सांभाळायची तिला. एके दिवशी भात शिजायला ठेवला आणि किमिकोची शुगर एकदम खाली गेली. ती चुलीपुढेच कोसळली. हर्टिना चार वाजता घरी आली, तर घरभर धूर, भांडं जळून काळं, आणि लिजोन किमिकोच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेली. शेजारी पाण्याने भरलेला पोरीचा पेला. ती आईला पाणी पाजत होती. तोंडातून ओघळून किमिकोचे केससुद्धा भिजले होते. त्या दिवशी घर कसं पेटलं नाही ते देवालाच ठाऊक. मी धावत गेले होते, तो धूर माझ्या नाकात अजून आहे.

शुद्धीवर आल्यावर किमिको पहिलं वाक्य बोलली ते हे: "पोरीला माझ्याजवळ ठेवू नका." मग भिंतीकडे तोंड करून निजली.

तेव्हा मीच हर्टिनाचा अर्ज भरला. त्या मदतीला आम्ही व्हाउचर म्हणतो. कमी पगारात राबणाऱ्यांच्या पोरांसाठी आहे, आणि पोरगी तर इथेच जन्मलेली, मग तिचा हक्कच. मंजूर झालं. हर्टिना निर्धास्त कामाला जाऊ लागली. किमिकोने मात्र एक हट्ट धरला. "दोन दिवस मला डायलिसिस नसतं. ते दोन दिवस पोरीला घरी मी आणणार. अर्ध्या तासात हर्टिना येतेच की."

तीन ट्रेलरचं अंतर. ती यायची काठी टेकत, अंघोळ करून, केसांत फूल खोचून. मी तक्ता पुढे करायचे. मिशनच्या शाळेत शिकलेलं टपोरं अक्षर, डोळे गेले तरी वळण गेलं नव्हतं. ती लिहायची, 'आई'. मग दोघी पायऱ्या उतरायच्या. खरं तर लिजोनच तिला न्यायची. "आई, पायरी. आई, अजून एक पायरी." मी दारात उभी राहून त्यांचं दार बंद होईपर्यंत बघायचे, कारण धूर नाकात होता ना.

सकाळी हर्टिना सही करायची, नातं आई. दुपारी किमिको, नातं आई. पाळणाघर चालवायचं लायसन्स घेताना मला सांगितलं होतं, एमलाइन, प्रत्येक रकाना तपासत जा. मी तपासला होता की! मला त्यात चूक दिसलीच नाही. दोघी आयाच होत्या.

तर आता ते पत्र. हर्टिना माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "व्हाउचर गेलं तर मी पोरीला कुठे ठेवू?" कामावर नाही गेली तर घर चालणार नाही. कामावर गेली तर पोरगी आणि किमिको आणि ती चूल. माझ्याकडे ती फुकट राहू शकली असती, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले. पण माझ्यावरही चौकशी बसली आणि लायसन्स गेलं, तर उरलेल्या सात पोरांचंही काय करणार होते मी? भीतीने माझी जीभ सैल सुटते. मी तिच्यावरच खेकसले, "तुझ्या बहिणीला दुसरा शब्द सुचला नाही होय लिहायला?"

हर्टिना माझ्याकडे बघतच राहिली. "कुठला शब्द, बुबू?"

त्या संध्याकाळी मी एक मूर्खपणा केला, तोही कबूल करते. तक्त्यांच्या माझ्याकडच्या प्रती काढल्या, पांढऱ्या शाईची बाटली घेतली, आणि एका गुरुवारच्या 'आई'वर कुंचला फिरवला. 'ध'चा 'मा' करायला निघाले होते. शाई वाळेपर्यंत लक्षात आलं, की बाई गं, मूळ कागद तर त्यांच्याकडेच आहेत, त्याशिवाय पत्र आलं असतं का? आता माझ्याकडचा एक कागद खोटा आणि तो खोटा मी केलेला. मी नखाने खरवडायला गेले तर कागदाला भोक पडलं. मग मात्र माझी पाचावर धारण बसली. तो कागद मी बायबलमध्ये ठेवला. दुसरी जागा सुचली नाही.

रविवारी चर्चमध्ये जेवणाच्या टेबलाशी कुजबुज सुरूच होती. पत्र आलं हर्टिनाला, पण घाम सगळ्यांना फुटला होता.

"माझ्या नणंदेच्या जावयाला अशाच कागदावरून विमानात बसवलं," एक जण म्हणाली.

"आपल्याला इथे राहायला व्हिसा लागत नाही गं," मी म्हटलं.

"लागत नाही ना? मग परत पाठवायलाही लागत नसेल," ती म्हणाली आणि भाताचा नारळात घोळवलेला गोळा तोंडात टाकून मोकळी झाली.

किमिको शेजारीच बसली होती. तिच्या ताटातलं तिने काही खाल्लं नव्हतं. घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "बुबू, इंग्रजीत आईच्या बहिणीला काय म्हणतात?"

"आंटी."

"आंटी," ती म्हणाली. तोंडात खडा आल्यासारखं. "बरं. मी शिकवते पोरीला."

आणि तिने शिकवलं. पुढचे चार दिवस मी ते बघितलं आणि मला वाटतं त्याहून मदत बंद झालेली परवडली असती. नाही, खोटं कशाला बोलू, परवडली नसती. पण बघवत नव्हतं.

लिजोन हाक मारायची, "आई!" किमिको मान वळवायची नाही. पोरगी मोठ्याने, "आई, बघ ना!" किमिको दगडासारखी. पोरगी रडकुंडीला येऊन तिचा झगा ओढायची, तेव्हा किमिको शांतपणे म्हणायची, "आई कामाला गेलीय. मी कोण?"

"आई."

"नाही. मी कोण?"

एकदा पोरगी पडली, गुडघा फुटला, आणि तशीच रडत तिच्याकडे धावली. किमिकोचे हात पुढे आले होते. तिने ते मागे घेतले आणि पाठीमागे धरून ठेवले. "मी कोण, ते सांग आधी."

"आंटीऽऽ," लिजोनने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे तिला उचललं.

मी म्हटलं, "किमिको, जरा दमानं घे गं. लेकरू आहे ते."

"कचेरीतल्या बाईने हिलाच विचारलं तर?" किमिको म्हणाली. "हिच्या तोंडून तो शब्द निघाला आणि पाळणाघरातली जागा गेली, तर पोरगी पुन्हा माझ्यापाशी येईल. बुबू, मला अजून तो धूर येतो गं. चूल पेटलेली नसली तरी येतो."

मला वाटत होतं, तो मला एकटीलाच येतो.

पत्राप्रमाणे गुरुवारी दहा वाजता कचेरीत बोलावलं होतं. 'घरातल्या सर्व व्यक्तींची माहिती' असं त्यात होतं, ते मी 'घरातल्या सर्व व्यक्ती' असं वाचलं. म्हणून आम्ही सगळ्या गेलो. हर्टिनाने रजा घेतली, म्हणजे कारखान्यात तिच्या नावावर एक पॉइंट चढला. असे थोडे चढले की नोकरी जाते. किमिकोने रविवारचा झगा घातला, केसांत फूल घातलं, मग काढून ठेवलं. फुलामुळे सरकारला काय वाटेल कोण जाणे! लिजोनच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की तिचे डोळे ताणले गेले होते. पाळणाघर मी माझ्या मुलीवर सोपवलं आणि बायबल पर्समध्ये घेतलं. आत तो भोकाचा कागद होता. जाळावा की दाखवावा, ठरत नव्हतं.

रस्त्यात पुढे कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा ट्रक होता आणि पिसं उडून काचेवर येत होती. लिजोन मागच्या सीटवर पुटपुटत होती, "आंटी, आंटी, आंटी."

काचेमागे बसलेल्या बाईंचं नाव ट्वायला. इकडे सगळे म्हणतात तसं मिस ट्वायला. पन्नाशीच्या, केस फुगवलेले, गळ्यात चष्म्याची साखळी. आम्हा चौघींची वरात बघून त्या म्हणाल्या, "अगंबाई, सगळ्याच आलात? एकीनं आलं तरी चाललं असतं."

माझ्या कपाळात गेली. म्हणजे इथेही माझंच वाचणं चुकलं.

"बसा, बसा. आलात तर आलात." त्यांनी कागद पुढे ओढले. "हं. हे दोन वेगळ्या हस्ताक्षरांत 'आई' लिहिलंय. हे तुमचं?"

हर्टिना काही बोलली नाही. तिने भुवया उचलल्या. आमच्यात भुवया उचलल्या म्हणजे 'हो'. बोलायची गरजच नसते. पण मिस ट्वायला वाट बघत राहिल्या, मग लेखणीने काहीतरी टिपून घेतलं. हर्टिनाने उत्तर दिलं होतं आणि त्यांच्या लेखी ती गप्प होती! मी हर्टिनाला कोपर मारलं. "तोंडानं बोल, पोरी!"

"हो," हर्टिना म्हणाली. "माझं."

"आणि हे दुसरं?"

सगळ्यांनी किमिकोकडे पाहिलं. किमिको काचेकडे तोंड करून बसली होती, पण जरा चुकीच्या दिशेला. तिला सावली नीट सापडली नव्हती.

"माझं आहे," ती म्हणाली.

"मग मला सरळ विचारू द्या," मिस ट्वायला म्हणाल्या. वाईट नव्हता त्यांचा आवाज. "तुम्ही या मुलीची आई आहात का?"

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना खोटं बोलताना बघितलंय. मी स्वतः बायबलमध्ये भोकाचा कागद ठेवून बसले होते. पण असं कधी बघितलं नाही. किमिकोचं तोंड उघडलं आणि ते म्हणालं, "नाही." आणि त्याच वेळी तिच्या भुवया वर गेल्या. दोन्ही, अगदी कपाळापर्यंत. तिने उचलल्या नाहीत, त्या आपोआप गेल्या. तिला स्वतःला कळलंही नसेल.

हर्टिनाने बघितलं. मी बघितलं. मिस ट्वायलांनी मान खाली घातली आणि लिहिलं, 'नाही'.

"मावशी आहात का तुम्ही?"

"हो. आंटी."

"मग तसं लिहायचं ना, बाई. एवढं सगळं कशाला झालं असतं? आता सांगा, मावशी घरी असतात, मग सांभाळायला अडचण काय?"

मी डायलिसिसच्या दवाखान्याचं पत्र आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र पुढे सरकवलं. त्यांनी दोन्ही वाचली. मग किमिकोच्या वळलेल्या बोटांकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली. "कुठल्या लाइनवर होतात?"

"हाडं काढायच्या."

"माझी आईही होती," मिस ट्वायला म्हणाल्या आणि शिक्का उचलला. "झालं. मदत चालू राहील. मावशींच्या तब्येतीचं आधीच कळवलं असतंत, तर पत्रच गेलं नसतं."

झालं म्हणजे? दहा मिनिटं! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. नऊ दिवस आमच्या घशाखाली घास उतरला नव्हता आणि त्या बाईंना दहा मिनिटं लागली. मला हसू आलं, रडू आलं, आणि सर्वांत आधी त्या कागदाची आठवण आली. मी तोंड उघडणार एवढ्यात मिस ट्वायला काचेवर वाकून लिजोनकडे बघून हसल्या. "काय गं छकुले, कोणाबरोबर आलीस?"

त्यांना काही जाणून घ्यायचं नव्हतं. पोरांना विचारतात तसं विचारलं. पण लिजोन खुर्चीवरून खाली उतरली, ताठ उभी राहिली, आणि शाळेत पाठ म्हणावा तशी मोठ्याने म्हणाली, "ही आई. ही बुबू. ही माझी आंटी. ही माझी आई नाही."

"हुशार आहे हो," मिस ट्वायला म्हणाल्या.

किमिकोने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी गं माझी," ती म्हणाली. तेवढंच.

भोकाचा कागद मी दाखवला नाही. घरी येऊन फाडला. ते पाप माझ्या नावावर राहू दे.

पुढच्या मंगळवारी सव्वातीनला किमिको आली. अंघोळ केलेली, काठी टेकत, केसांत पुन्हा फूल. मी तक्ता पुढे केला. सही झाली, वेळ झाली. मग तिचं बोट मी नात्याच्या रकान्यावर टेकवलं आणि माझाच हात सुटेना. तिने हळूच बोट सोडवून घेतलं आणि लिहिलं. 'आंटी'. तेच टपोरं अक्षर. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "रकान्यात बसलं ना गं? बाहेर नाही ना गेलं?"

"बसलं," मी म्हटलं.

मला काही सहन होईना. संकट टळलं होतं, कागद मंजूर होते, काचेमागची बाई चार मैल लांब होती. माझ्या घरात कुणाची भीती? मी मुद्दाम मोठ्या आवाजात ओरडले, "लिजोन, बूट घाल! चल, आई आलीय बघ तुझी!"

किमिकोचं तोंड आवाजाच्या दिशेला वळलं. तिने श्वास रोखला होता, मला दिसत होतं.

लिजोनने एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि माझ्याकडे धावत आली. आधी तिने खिडकीतून रस्त्यावर बघितलं. मग दाराकडे. मग माझा झगा ओढून मला खाली वाकवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ, बुबू," ती माझ्या कानात म्हणाली, पण पोरांचं कुजबुजणं ते, सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "आई नको म्हणू. आंटी म्हण. नाही तर माझी जागा जाईल आणि घरात धूर येईल."

तिचे डोळे भीतीने मोठे झाले होते. चार वर्षांची पोर. ती भीती आम्ही तिला नऊ दिवस घासाघासाने भरवली होती.

"अगं, आता म्हटलं तरी चालतं," मी म्हटलं. "आता काही होत नाही, राणी. म्हण तू. म्हण की!"

तिने जोरात मान हलवली. नाही.

मी किमिकोकडे बघितलं. किमिकोच्या भुवया वर गेल्या होत्या. हो म्हणत होती ती पोरीला. बरोबर आहे तुझं, असंच म्हणायचं.

मग लिजोनने दुसरा बूट घातला, तिचा हात धरला, आणि दोघी दाराबाहेर पडल्या. मी नेहमीसारखी दारात उभी राहिले.

"आंटी, पायरी," लिजोन म्हणाली. "आंटी, अजून एक पायरी."

किमिको एकेक पायरी उतरत गेली.